फीडलॉटमधे अँगस पुढे, माळावर ब्रामन पुढे. वाढ रक्तात असते की चाऱ्यात?

कृष्णाकाठ_रॉकी

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीकडचा, सध्या ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधे रॉकहॅम्प्टनजवळ एका गुरांच्या फार्मवर कामाला आहे. इथं गुरं दुधासाठी नाही, मांसासाठी पाळतात, या सगळ्या भागाचं पोट त्यावरच आहे. ज्यांना हा विषय नको असेल त्यांनी धागा सोडून द्यावा ही विनंती, मला फक्त वाढीबद्दल विचारायचंय.

आमच्याकडं दोन प्रकारची खोंडं आहेत, एक अँगस रक्ताची काळी आणि दुसरी ब्रामन, म्हणजे वशिंडवाली, लोंबत्या कानांची. दूध तोडल्यावर काही खोंडं फीडलॉटला (बंदिस्त जागेत दाणा घालून वाढवतात तिथं) गेली आणि बाकीची इथंच पॅडॉकमधे, म्हणजे कुंपणाच्या कुरणात राहिली. फीडलॉटचा रिपोर्ट आला त्यात अँगस सरळ पुढे, दिवसाला दीड किलोच्या वर वाढ, ब्रामन मागे. आणि इथं माळावर नेमकं उलटं. कोरड्या दिवसांत गवताची काडी झाली तेव्हा ब्रामननी वजन बऱ्यापैकी धरून ठेवलं आणि अँगसच्या फासळ्या दिसायला लागल्या, मग पाऊस पडल्यावर गोचीड आले ते पण अँगसलाच जास्त, मानेखाली आणि मांडीच्या आतून हात फिरवला तर तुरीच्या दाण्याएवढे फुगलेले हाताला लागतात. उन्हाळ्यात दुपारी ती सावलीत तोंड उघडं टाकून धापा टाकतात आणि शेजारी ब्रामन उन्हात निवांत चरत असतात.

आता मालक दक्षिणेकडच्या व्हिक्टोरिया राज्यातून एक अँगस वळू आणायचं बघतायत. कागदावर त्याची 600 दिवसांच्या वजनाची ब्रीडिंग व्हॅल्यू, म्हणजे त्याच्या जनुकांचा अंदाजे आकडा, एकदम वरची आहे. माझ्यासोबतचे दोघं रोज यावरून वाद घालतात, एक म्हणतो रक्त चांगलं असेल तर कुठंही वाढणार, दुसरा म्हणतो रक्तबिक्त काही नाही, पोटात काय जातं ते बघा. मी वाचलं की वाढीची हेरिटेबिलिटी (आनुवंशिकतेचं प्रमाण) 30-40 टक्के असते, म्हणजे तेवढं आईबापाकडून आणि बाकीचं चाऱ्यातून असं धरायचं का? आणि त्या वळूची वासरं इथं तेवढी वाढतील का? कुणी या लाईनमधलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

परभणी_एजीबी

भाऊ, मी पशुवैद्यक कॉलेजात हाच विषय शिकवतो त्यामुळं जरा लांब लिहिणार आहे.

पहिलं म्हणजे ती टक्केवारीची वाटणी डोक्यातून काढून टाका. आमच्या पोरांच्या पेपरात पण हीच गल्लत दरवर्षी सापडते. हेरिटेबिलिटी एका जनावराबद्दल काही सांगत नाही, कळपातल्या जनावरांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांमुळं आहे एवढंच ती सांगते. समजा एकाच कळपात एकाच चाऱ्यावर वाढलेली खोंडं आहेत, सरासरी 300 किलो, आणि त्यात एक भरलं 340. हेरिटेबिलिटी 0.3 धरली तर वरच्या 40 किलोतले साधारण 12 किलो जनुकांचे असा अंदाज, आणि त्यातले निम्मे म्हणजे 6 किलो त्याच्या वासरात उतरतील, कारण निम्मी जनुकं गायीकडून येतात. उरलेले 28 किलो म्हणजे आई दुधाची होती, लवकर जन्मलं, आजारी पडलं नाही, असल्या गोष्टी. आणि खालच्या 300 किलोचं काय, तर त्याची वाटणी होतच नाही, जनुकं नसती तर खोंड नसतं आणि चारा नसता तरी नसतं.

शिवाय हा आकडा कायमचा कोरलेला नसतो. जन्मवजनाला साधारण 0.4 च्या आसपास मिळतो, दूध तोडतानाच्या वजनाला त्यापेक्षा कमी, कारण तिथं आईचं दूध मधे येतं, आणि पुढं वर्ष-दीड वर्षाच्या वजनाला परत वाढतो. कळप बदलला, दुष्काळ पडला, की आकडा पण हलतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही जे डोळ्यानं बघताय त्याला आम्ही जनुक आणि वातावरण यांची आंतरक्रिया म्हणतो, म्हणजे वातावरण बदललं की जनावरांचा नंबर बदलतो. सगळ्यांचं वजन सारखंच कमी झालं असतं तर प्रश्न नव्हता, तरी पण पहिला तो पहिलाच राहिला असता. पण इथं पहिला शेवटी जातोय. आनुवंशिकीचे अभ्यासक फाल्कनर यांनी 1952 मधे यावर एक फार कामाचा विचार मांडला, की चांगल्या जागेतली वाढ आणि वाईट जागेतली वाढ ही एकच गोष्ट समजूच नका, दोन वेगळे गुण समजा, आणि मग बघा की त्या दोघांत जनुकीय संबंध किती आहे. संबंध घट्ट असेल तर कुठंही निवडा, सैल असेल तर जिथं वाढवायचंय तिथंच निवडायला लागेल.

याचा अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. मोंटानात माइल्स सिटी, कडाक्याची थंडी, आणि फ्लोरिडात ब्रूक्सव्हिल, गरम आणि दमट. दोन्हीकडं हेरेफर्डच, एकच जात, पण दोन्ही कळप आपापल्या जागी पिढ्यान् पिढ्या वाढलेले. 1960 च्या दशकात दोन्हीकडची काही जनावरं एकमेकांकडं पाठवली आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. मोंटानात मोंटानाचा कळप भारी ठरला आणि फ्लोरिडात फ्लोरिडाचा, वजनातही आणि गाभण राहण्यातही. एकाच जातीत एवढा फरक पडला तर तुमच्याकडं तर दोन जातीच वेगळ्या आहेत, एक युरोपची आणि एक आपल्याकडच्या वशिंडाच्या गुरांपासून झालेली.

आणि तुमच्या तर दारातच बेलमाँट संशोधन केंद्र आहे! तिथं फ्रिश आणि व्हेरको या दोघांनी जे काम केलं ते मी वर्गात दरवर्षी शिकवतो. गोचीड, जंत, उष्णता, निकृष्ट चारा हे सगळं बाजूला केलं आणि गोठ्यात उत्तम खायला घातलं तर ब्रिटिश रक्ताची गुरं जास्त वाढली. तेच सगळं अंगावर येऊ दिलं तर ब्रामन पुढे गेली. ब्रामनचं रिकाम्या पोटी चालणारं चयापचय कमी, म्हणजे नुसतं जिवंत राहायला खर्च कमी, केस आखूड आणि गुळगुळीत, घाम चांगला येतो, गोचीड कमी धरतात. पण तीच गुरं भरल्या गव्हाणीवर अँगसएवढं खात नाहीत. जे शरीर काटकसरीत चालतं ते मुबलक मिळाल्यावर त्याच वेगानं वाढेल असं नाही, तुमच्या फीडलॉटच्या रिपोर्टचं उत्तर बरंचसं इथंच आहे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो फ्रिश यांचा 1981 चा पेपर. त्यांनी हेरेफर्ड-शॉर्टहॉर्न या ब्रिटिश रक्ताच्या गुरांत फक्त वजनाच्या वाढीवर निवड केली, पण निवड केली ती तिथल्याच माळावर, गोचीड आणि ऊन सोसत. काही पिढ्यांनी निवडलेली गुरं माळावर खरंच जास्त वाढायला लागली. पण ताण काढून टाकून गोठ्यात नीट खायला घालून बघितलं तर तो फायदा उरला नाही! म्हणजे वाढायची ताकद वाढलीच नव्हती, वाढली होती ती सोसायची ताकद. काट्यावर दोन्हीकडं किलोच दिसतात पण मागची जनुकं वेगळी. तुमच्या मालकांनी वळू घ्यायच्या आधी एवढं एकच समजून घेतलं तरी खूप झालं.

त्या वळूची ब्रीडिंग व्हॅल्यू खोटी नाही. ती काढायची ऑस्ट्रेलियातली पद्धत म्हणजे ब्रीडप्लॅन, ती 1985 पासून चालू आहे, एकाच कळपातली, एकाच वयाची, सारखी वागवलेली जनावरं आपसात ताडून तो आकडा काढतात, पद्धत भक्कम आहे. पण त्यामागची बहुतेक वजनं जर दक्षिणेतल्या हिरव्या कुरणावरची असतील तर तो आकडा तिथल्या वाढीचा आहे. आणि अँगसचा आकडा ब्रामनच्या आकड्याशी ताडू नका, दोन्हीची शून्याची जागाच वेगळी असते.

जाताजाता, तुम्ही सांगलीचे म्हणून सांगतो, अमेरिकेत ब्रामन तयार झाली ती कांकरेज, ओंगोल, गीर आणि थोड्या प्रमाणात आपली कृष्णा व्हॅली यांच्या मिश्रणातून. सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या चिकट रानात ओढीसाठी जी गुरं तयार केली त्यांचं रक्त आहे त्यात. 1933 मधे ती अमेरिकेतून ऑस्ट्रेलियात आली. काळ्या मातीच्या कामासाठी घडवलेलं जनावर क्वीन्सलँडच्या माळावर टिकून राहतंय, मला याचा फार अभिमान वाटतो.

शेळीवाला_कळंब

डॉक्टर साहेब लई भारी समजावलंत. आमच्या शेळ्यांचं पण असंच असतंय का? माझ्याकडं उस्मानाबादी आहेत आणि बोअर या मांसाच्या जातीशी क्रॉस पण केलीत. गोठ्यात लसूणघास, मका भरडा, पेंड दिली की क्रॉसची पिल्लं डोळ्यादेखत वाढतात आणि गिऱ्हाईक पण वजन बघून खूष होतंय. पण चारायला सोडली की उस्मानाबादी दिवसभर बोरी-बाभळी ओरबाडून पोट भरून येते आणि क्रॉसची दमून बसतात. वजन बघून बोकड निवडावा तर कुठलं वजन धरू, गोठ्यातलं का रानातलं?

परभणी_एजीबी

दादा, तुमची पिल्लं विकायच्या आधी जिथं वाढतात तिथलं धरा, त्यात दुसरा विचार नको. पूर्ण बंदिस्त असाल तर गोठ्यातलं, चारत असाल तर रानातलं. आणि एक गोष्ट कटाक्षानं करा, जुळ्यांना जुळ्यांशीच ताडा. एकटं जन्मलेलं पिल्लू सगळं दूध एकटं पितं म्हणून मोठं दिसतं, ते बापाचं कर्तृत्व नव्हे. उस्मानाबादीत जुळी बरीच होतात, तिथं नुसतं वजन बघून बोकड ठेवलात तर एकटी जन्मलेलीच निवडली जातील आणि जुळ्यांचा गुण हळूहळू जाईल. फलटणच्या निंबकर संस्थेनं गरोळ मेंढीचं जास्त कोकरांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली, तिथंही गाभण आणि दुभत्या मेंढीचा खुराक सांभाळावाच लागतो. दोन कोकरं देणारं जनुक आलं म्हणून दोन कोकरांपुरतं दूध आपोआप येत नाही.

महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, त्यामुळं मांसासाठी वाढीचं हे सगळं शास्त्र आपल्याकडं शेळी, मेंढी आणि रेडकांवरच लावायचंय, आणि ते लावलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडं अजून बोकड उंची आणि कान बघून घेतात, काटा लावत नाहीत.

सँडहिल्स_नेब्रास्का

मी अमेरिकेत नेब्रास्कात असते, गुरांच्या आहारावर काम करते. सरांनी छान लिहिलंय, मला फक्त आईची बाजू घालायची आहे कारण लोक वळूवर इतकं बोलतात की गाय राहूनच जाते.

वासराचं पहिलं वातावरण म्हणजे गर्भाशय. ब्रामन वळू आणि हेरेफर्ड गाय असं लावलं तर वासरू मोठं जन्मतं, अडायची भीती. तेच उलट केलं, हेरेफर्ड वळू आणि ब्रामन गाय, तर वासरू चांगलंच लहान जन्मतं. दोन्ही वासरांत निम्मं निम्मं रक्त, तरी एवढा फरक! मग इथल्या क्ले सेंटरच्या संशोधन केंद्रात भ्रूण बदलून बघितलं, शारोले हे केवढं दांडगं जनावर, त्याचं भ्रूण ब्रामन गायीच्या पोटात वाढवलं तर ते शारोले गायीच्या पोटातल्यापेक्षा लहान राहिलं. म्हणजे गाय नुसती जनुकं देत नाही, वासरू किती वाढू द्यायचं यावर तिचा पण ताबा असतो. दादा, तुमच्या कामाचं यात असं की अँगसचा बाप ब्रामन गायींवर वापरला तर वासरं अडण्याची काळजी कमी, पण ब्रामन वळू अँगसच्या पहिलारू कालवडींवर सोडू नका.

दुसरं, गाय गाभण असताना काय खाते. इथं सँडहिल्समधे हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं, प्रथिनं अगदी कमी. शेवटच्या तीन महिन्यांत काही गायींना प्रथिनांचा खुराक दिला आणि काहींना नाही, तर खुराकवाल्यांची वासरं दूध तोडताना जास्त वजनाची भरली. जनुकं तीच, कुरण तेच. यात गायीचं स्वतःचं वजन फारसं न हलताही वासरावर फरक दिसू शकतो, म्हणून नुसती गाय बघून समाधान मानू नका. तुमच्याकडं कोरड्या दिवसांत गायींना चाटायला युरिया आणि फॉस्फरस देतात ना? तो खर्च गायीचा धरतात सगळे, पण मला विचाराल तर तो पुढच्या वर्षीच्या खोंडांवरचा खर्च आहे. वळूवर हजारो डॉलर घालायचे आणि गाभण गायीला वाऱ्यावर सोडायचं हे मला कधीच पटलं नाही.

कृष्णाकाठ_रॉकी

सर, ताई, खूप खूप धन्यवाद. कृष्णा व्हॅलीचं तर मला माहीतच नव्हतं, आजच घरी फोन करून आप्पांना सांगणार आहे.

चाटण देतो ताई, पण सगळ्या पॅडॉकमधे नाही, लांबच्या दोन पॅडॉकमधे राहून जातं. आता मालकांसमोर हा मुद्दा ठेवतो.

अजून दोन शंका. पाऊस पडून हिरवं झालं की माळावरची वाळलेली अँगस एकदम झपाट्यानं भरतात, तेव्हा काट्यावर तीच पुढे दिसतात, मग कुठल्या महिन्यातलं वजन खरं मानायचं? आणि मालकांना दोन्ही रक्तं मिसळायचीत, तर क्रॉस केला की दोघांतलं चांगलं मिळतं का?

परभणी_एजीबी

हिरव्यातली ती झपाट्याची वाढ म्हणजे भरपाईची वाढ. उपाशी राहिलेलं जनावर चारा मिळाल्यावर वेगानं भरतं, त्यात पोटातल्या चाऱ्यापाण्याचं वजन पण असतं. म्हणून एका हंगामाचं वजन घेऊन निकाल लावू नका, पूर्ण वर्षाचं घ्या, एक कोरडा आणि एक ओला हंगाम दोन्ही त्यात आले पाहिजेत. कोरड्यात किती घटलं आणि ओल्यात किती वाढलं हे दोन वेगळे आकडे लिहून ठेवा, कारण ते दोन वेगळे गुण आहेत. आणि वजनं सकाळी एकाच वेळी, सगळ्यांना सारखंच उपाशी ठेवून घ्या.

त्यासोबत गोचीड मोजा. बेलमाँटवाल्यांची पद्धत साधी, जनावराच्या एकाच बाजूवरचे साडेचार ते आठ मिलिमीटरचे फुगलेले गोचीड मोजायचे आणि दुप्पट करायचे. औषध मारायच्या आधी मोजा, नाहीतर सगळी सारखीच स्वच्छ दिसतील. गोचीड न धरण्याचा गुण बऱ्यापैकी आनुवंशिक आहे आणि अँगसमधेही जनावरागणिक फरक असतो. तुमच्या माळावर उन्हात टिकलेलं, कमी गोचीड धरणारं अँगस खोंड सापडलं तर मी ते कागदावरच्या भारी वळूच्या आधी बघेन.

क्रॉसबद्दल. पहिल्या पिढीत संकरजोम, म्हणजे दोन जाती मिसळल्यानं येणारी जास्तीची ताकद, चांगला मिळतो, कारण युरोपियन आणि वशिंडाची गुरं जनुकांनी खूप लांबची आहेत, आणि कठीण जागी त्याचा उपयोग जास्त दिसतो. पण पहिल्या पिढीतले नर-मादी आपसात लावले की त्यातला निम्मा जोम पुढच्या पिढीत कमी होतो, म्हणून आधी ठरवा, दरवर्षी नवा वळू आणत राहायचं की स्थिर मिश्र जातीकडं जायचं. टेक्सासच्या किंग रँचनं सांता गर्ट्रूडिस असंच केलं, पाच आठव्यांश शॉर्टहॉर्न आणि तीन आठव्यांश ब्रामन, आणि तुमच्याच उत्तर क्वीन्सलँडमधे ड्राऊटमास्टर ही मिश्र जात झाली. माझं मत विचाराल तर वळू माळावर आणूच नका, त्याचं वीर्य आणा आणि निवडक ब्रामन गायींना भरवा. वळूला ऊन सोसावं लागत नाही, वासरू लहान जन्मतं, आणि वाढायची ताकद तेवढी कळपात येते.

डाऊन्स_फीडलॉट

मी टूवूम्बाच्या बाजूला फीडलॉटमधे आहे, आमच्याकडं उत्तरेतून खूप माल येतो. सरांचं वीर्य आणायचं बोलणं एकदम बरोबर, पण एवढ्या मोठ्या पसाऱ्यात सगळ्या गायी माजावर पकडून भरवणं जमत नाही, माणसंच नसतात, त्यामुळं थोड्या गायी भरवून तिथून येणारे क्रॉस खोंड वळू म्हणून ठेवणं हे मला जास्त जमण्यासारखं वाटतं.

फीडलॉटच्या बाजूनं एक सांगतो. आमच्याकडं क्रॉस खोंडं चांगली चालतात, वजन धरतात, पण ब्रामन रक्त जास्त झालं की मांस चिवट व्हायची शक्यता वाढते आणि ग्रेडिंगमधे, म्हणजे मांसाची प्रत ठरवताना, वशिंडाची उंची मोजतात, ती जास्त असली की प्रत उतरते. त्यामुळं मालकांचा अँगसकडं ओढा आहे तो नुसता हट्ट नाही, भाव तिथं आहे.

आणि तरी वळू आणायचाच ठरला तर व्हिक्टोरियात गोचीड नाहीत हे लक्षात घ्या, त्यानं गोचीड तापाचा जंतू कधी बघितलेलाच नसणार. लहान वासरांना थोडी नैसर्गिक ताकद असते पण मोठा वळू पहिल्याच तापात जाऊ शकतो. गोचिडाच्या भागात आणायच्या निदान 60 दिवस आधी लस द्यायला सांगा, जिवंत लस आहे, लसीनंतर पण ताप येऊ शकतो आणि तापानं काही आठवडे वीर्याची प्रत उतरते, म्हणजे आल्या आल्या गायींवर सोडायचा नाही. आणायचा तर इथल्या जून-जुलैच्या थंडीत आणा, आणि घेताना अंगावरचे केस बघा. हिवाळ्याचे लोकरीसारखे केस वसंत आला तरी न झडणारा वळू घेऊ नका, आफ्रिकेत बोन्स्मा यांनी केसांवरून गुरं निवडली आणि त्यांच्या नावानं बोन्समारा जात झाली ती उगाच नाही. लसीची तारीख विकणाऱ्याकडून लेखी घ्या. पैसे द्यायच्या आधी, नंतर कुणी फोन उचलत नाही.

कृष्णाकाठ_रॉकी

केसांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मालकांशी आज बोललो, थोड्या ब्रामन गायी भरवून बघायला तयार आहेत, लांबच्या पॅडॉकमधे चाटण पण सुरू करतो म्हणाले. गोचीड मोजायचं काम माझ्याकडं आलंय. सर, गोचीड मोजायला डावी बाजू घ्यायची की उजवी, का काही फरक पडत नाही?

परभणी_एजीबी

बाजू कुठलीही चालेल, फक्त सगळ्या जनावरांना तीच आणि दर वेळी तीच. जमलं तर मोजणारा माणूस पण तोच ठेवा, आणि सकाळी लवकर मोजा, कारण फुगलेल्या माद्या सकाळीच जास्त गळून पडतात. कान, काखा आणि शेपटीखाली बघायला विसरू नका. आकडे आले की इथंच टाका, वजनांसोबत बसून बघू.